निरोप, संदेश की अभिलेख? अधिकाऱ्यांच्या फोनवरच्या मजकुराला काय म्हणायचं

टाचणी
'रेकॉर्ड' या एका शब्दासाठी मराठीत नोंद, अभिलेख, दफ्तर, दस्तऐवज, कागदपत्रे असे निदान पाच शब्द चालतात. वरिष्ठांनी व्हॉट्सॲपवर 'काम थांबवा' एवढंच लिहिलं, तर ते या पाचांपैकी काय? आणि 'मेसेज'ला शासकीय मराठीत निरोप म्हणावं, संदेश, की लघुसंदेश?

दफ्तरदार
पाचही शब्द वेगळे आहेत, एकाच्या जागी दुसरा टाकला की अर्थ बिघडतो.

नोंद म्हणजे घडलेल्या गोष्टीची वहीत केलेली एक ओळ. दस्तऐवज फारसीतून आला. दस्त म्हणजे हात, आणि हाती धरून दाखवता येतो तो दस्तऐवज, म्हणून तो पुराव्याच्या बाजूचा शब्द. दफ्तर हा संग्रह. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असत, म्हणून तिथे 'रुमाल' हे मोजमापच झालं. कागदपत्रे हा सैल, घरगुती शब्द. अभिलेख मात्र कायद्याचा शब्द आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(झ) मध्ये अभिलेखात दस्तऐवज, हस्तलिखित, फाईल, मायक्रोफिल्म वगैरे येतात, आणि शेवटी संगणकाने 'किंवा अन्य कोणत्याही उपकरणाने' तयार केलेलं साहित्यही येतं. फोन हे उपकरणच. त्यामुळे 'काम थांबवा' हा अभिलेख आहे, मग त्याची कुठे नोंद झालेली असो वा नसो.

शब्दवेडा
'निरोप' शासकीय मराठीत नकोच. निरोप तोंडी असतो, सांगणारा वेगळा, पोचवणारा वेगळा, आणि पोचला की संपला.

दफ्तरदार
आजच्या वापरात हो. जुन्या मराठीत मात्र निरोपाला आज्ञा आणि परवानगी असेही अर्थ होते. 'निरोप घेणे' म्हणजे मुळात जाण्याची परवानगी घेणे. म्हणजे वरिष्ठांचा व्हॉट्सॲप मेसेज जुन्या अर्थाने अगदी निरोपच, आणि नव्या अर्थाने निरोप म्हटला की त्याची जबाबदारी उडून जाते. 'साहेबांचा निरोप आला होता' या वाक्यात आदेश दिला कोणी, हे सापडत नाही.

नस्तीकार
खरी अडचण निरोप-संदेशात नाही, 'लेखी' आणि 'तोंडी' या जोडीत आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधल्या नियम ३ चा गाभा असा: वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत, तोंडी देणं टळत नसेल तर लगेच लेखी दुजोरा द्यावा, आणि तोंडी निर्देश घेणाऱ्यानेही तो दुजोरा मागून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ च्या टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात हेच माहिती अधिकाराशी जोडलं. सगळं तोंडीच चाललं तर मागायला काही उरतच नाही.

आता व्हॉट्सॲपवरचा आदेश लेखी की तोंडी? अक्षरं आहेत म्हणून लेखी म्हणावं, तर त्याला जावक क्रमांक नाही, सही नाही, नस्तीत, म्हणजे फाईलीत, जागा नाही. तोंडी म्हणावं, तर पाठवल्याची वेळ मिनिटापर्यंत ठाऊक आहे. माझ्या मते तो लिखित आहे, पण लेखी नाही. लिखित म्हणजे लिहिलेलं. लेखी म्हणजे कार्यपद्धतीने लिहून दिलेलं, ज्याच्या मागे पद उभं असतं.

शब्दवेडा
भेद सुंदर आहे, पण कोशात टिकणार नाही. 'लेखी परीक्षा'मागे कुठलं पद उभं असतं?

नस्तीकार
मान्य, कोशात नाही टिकणार. कचेरीत टिकतो. 'लेखी द्या' म्हणणाऱ्याला व्हॉट्सॲप करून बघा.

टाचणी
मग त्या लिखिताचं लेखी कसं करायचं? आणि नस्ती हा शब्द कुठला?

दफ्तरदार
संस्कृतात नस्त म्हणजे नाक, आणि नस्तित म्हणजे वेसण घातलेला. कागदाला भोक पाडून दोरी ओवली की नस्ती, असा अर्थ सहज लागतो. हा माझा तर्क, पण 'नत्थी करणे'सुद्धा नाथ-वेसणीच्याच घरातलं वाटतं. मराठवाड्यात याच वस्तूला संचिका म्हणतात, काही जुन्या पत्रांत धारिका सापडते, आणि तोंडात सगळीकडे फाईलच.

नस्तीकार
फोनवरच्या संदेशाला वेसण घालायची रीत नवी नाही. तार होती तेव्हा तातडीचा मजकूर तारेने जाई आणि मागाहून त्याचीच दुजोऱ्याची प्रत टपालाने येई. नस्तीला लागायची ती टपालाची प्रत. पोलिसांच्या बिनतारी संदेशात पाठवणारा, घेणारा आणि वेळ यांच्याशिवाय मजकुराला किंमतच नसते. २०१३ साली तार बंद झाली, आणि तिच्याबरोबर मागाहून प्रत पाठवायची सवयही गेली.

आज करायचं ते असं. संदेश आला की त्याच दिवशी नस्तीच्या टिप्पणीत परिच्छेद घ्यायचा:

'दि. … रोजी सकाळी १०.१५ वा. मा. … (पदनाम) यांनी मोबाईल क्रमांक … वरून व्हॉट्सॲपद्वारे पुढीलप्रमाणे निर्देश दिले: "…". संदेशाची प्रत पत्रव्यवहाराच्या भागात पृष्ठ … वर ठेवली आहे. निर्देशास पुष्टी मिळावी, ही विनंती.'

मजकूर अवतरणचिन्हांत, जसाच्या तसा, चुकांसकट. 'साहेबांनी काम थांबवण्यास सांगितले' असा सारांश लिहिला की संदेशाचा पुन्हा निरोप झाला. नस्ती मग वर पाठवायची. वरिष्ठांनी नुसतं 'पाहिले' लिहून परत केली, तरी ती सही मजकुराच्या खाली पडलेली असते.

खुरपं
'दूरध्वनीवरील चर्चेनुसार' ही शब्दयोजना यात कुठे बसते? नस्त्यांमध्ये ती पैशाला पासरी दिसते.

नस्तीकार
ती पळवाट आहे. चर्चा कोणाची, कधी, कोण काय म्हणालं, यातलं काहीच तिच्यात नाही. संदेश हाताशी असताना 'चर्चेनुसार' लिहिणं म्हणजे पुरावा असून तो लपवणं.

बाराखडी
प्रत म्हणजे स्क्रीनशॉट का? मराठीत 'पडदाप्रत' म्हणणारे भेटलेत. शब्द बरा आहे, वस्तू बेभरवशाची.

पडदाप्रतीवर तारखेच्या जागी 'आज' किंवा 'काल' छापलेलं असतं. सहा महिन्यांनी त्या 'काल'चा अर्थ काय लावायचा? पाठवणाऱ्याचं नाव फोनमध्ये जसं साठवलंय तसंच दिसतं, म्हणजे 'मोठे साहेब नवीन'. नंबर दिसतच नाही. म्हणून आधी माहितीचं पान उघडून नंबरची वेगळी प्रत काढावी. संदेशावर बोट दाबून पोचल्या-वाचल्याच्या वेळेचा तपशील फक्त पाठवणाऱ्याच्या फोनवर दिसतो, तो मिळाला तर त्याचीही प्रत जोडावी.

त्यापेक्षा बरं म्हणजे संभाषण निर्यात करणं. व्हॉट्सॲप साध्या मजकुराची फाईल देतं, चित्रांशिवाय ४०,००० संदेशांपर्यंत, चित्रांसह १०,००० पर्यंत. दोष इथेही आहेत. नावं पुन्हा फोनमधलीच येतात. अँड्रॉइडच्या फाईलीत वेळ मिनिटापर्यंत असते, आयफोनच्या सेकंदापर्यंत. दोन फोनांच्या फाईली ताडून पाहणारा इथे हमखास गोंधळतो. पाठवून झाल्यावर १५ मिनिटांपर्यंत संदेश दुरुस्त करता येतो, आणि दुरुस्तीआधीचा मजकूर त्या फाईलीत नसतो. शिवाय ती फाईल कोणीही उघडून बदलू शकतो. म्हणून काढल्याक्षणी तिचं हॅश मूल्य, म्हणजे फाईलीतलं एक अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा आकडी ठसा, काढून टिप्पणीत लिहून ठेवावं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधलं प्रमाणपत्र तेच मागतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, जुन्या कायद्यातलं ६५-ब विसरा.

शब्दवेडा
'हॅश मूल्य'ला मराठी?

बाराखडी
नको. 'अंकमुद्रा' वगैरे केलंत तर न्यायालयात कोणाला कळणार नाही.

खुरपं
आता माझा आवडता शब्द, निंदणीकरण. शासकीय मराठीत अभिलेखांचं वर्गीकरण झालं की मुदत संपलेले कागद वेगळे काढून नष्ट करतात, त्याला 'अभिलेख निंदणीकरण' म्हणतात. इंग्रजी शब्दाचं सरळ शेतातलं भाषांतर आहे, पण जमलेलं. निंदणी करणारा बसून, एकेक रोप बघून तण काढतो. आधी ओळख, मग उपट.

वर्ग असे: 'अ' कायम, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, 'ड' एक वर्ष. कचेरीतले कागद सहा गठ्ठ्यांत लावायच्या सहा गठ्ठा पद्धतीत 'ड'चा गठ्ठा वेगळाच बांधलेला असतो. नष्ट करण्याआधी यादी होते, मंजुरी होते, आणि ती यादी मागे राहते. काय होतं ते गेलं तरी काय गेलं ते कळतं.

याउलट फोनमधले आपोआप पुसले जाणारे संदेश. मुदतीचे पर्याय २४ तास, ७ दिवस, ९० दिवस. त्यात 'ड' वर्गाचं एक वर्षसुद्धा बसत नाही. यादी नाही, मंजुरी नाही, कोणी वाचून ठरवलं नाही. ही निंदणी नव्हे, तणनाशकाची फवारणी आहे, आणि पीकही त्यातच. कामाच्या गटात ही सोय बंदच असली पाहिजे. ती चालू-बंद करण्याचा हक्क फक्त गटचालकाकडे ठेवता येतो, तेवढं तरी करावं.

टाचणी
मग संदेश कोणत्या वर्गात? सगळेच 'ड'?

खुरपं
संदेशाला स्वतःचा वर्ग नाही, तो विषयाच्या नस्तीचा वर्ग घेतो. जमिनीच्या प्रकरणातला 'आज मोजणी करू नका' हा चार शब्दांचा संदेश त्या नस्तीबरोबर राहील, मग ती 'ब' असो की 'अ'. 'बैठक साडेतीनला' हा 'ड'. 'सुप्रभात' अभिलेखच नाही. इथेच लोक चुकतात, ॲप बघून वर्ग ठरवतात. मजकूर बघून ठरवायचा असतो.

दफ्तरदार
शिक्षेचीही भाषा बघा. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ केंद्रासाठी आहे. ठरवलेल्या रीतीबाहेर अभिलेख नष्ट केले तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ वेगळा आहे. माहिती अधिकाराच्या कलम २० खाली, मागितलेली माहिती नष्ट केली तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. म्हणजे अर्ज आल्यानंतरचं 'डिलीट' हे फोन साफ करणं राहत नाही.

टाचणी
फोन स्वतःचा, नंबर स्वतःचा, तरी?

दफ्तरदार
माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) मधले दोन शब्द बघा: 'धारण केलेली' किंवा 'नियंत्रणाखाली असलेली'. ताबा आणि नियंत्रण एक नव्हेत. फोन अधिकाऱ्याच्या खिशात आहे, पण पदाच्या कामाचा मजकूर पदाचा. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन होजे शहराच्या प्रकरणात २०१७ साली असाच निकाल दिला: खाजगी खात्यावरून पाठवला म्हणून शासकीय मजकूर खाजगी होत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात २०१४ पासून खाजगी खात्यावरचा असा संदेश २० दिवसांत शासकीय खात्यात आणायचा असतो. आपल्याकडे मुदत घातलीच तर मी 'त्याच दिवशी' म्हणेन. २० दिवसांत आपोआप पुसण्याची ७ दिवसांची मुदत दोनदा उलटते.

बाराखडी
आता उत्तरांतली भाषा. माहिती अधिकाराच्या अर्जाला चार तऱ्हांचे नकार येतात आणि चारही वेगळे असतात. अपील करणारा ते एकच समजतो आणि हरतो.

'निरंक': शोधलं, असं काही नव्हतंच. शून्य.
'आढळून येत नाही': असायला हवं, सापडत नाही. इथे शोध कोणी, कधी, कुठे घेतला हे विचारता येतं.
'उपलब्ध नाही': सगळ्यात निसरडं. नव्हतं, गेलं, की द्यायचं नाही, काहीही असू शकतं.
'अभिलेखावर नाही': हा मोबाईल संदेशांचा लाडका. याचा अर्थ नस्तीत नाही, एवढाच. फोनमध्ये नाही असं यात कुठेच म्हटलेलं नाही.

पहिल्या अपिलाला ३० दिवस असतात. त्यात लिहावं: 'अभिलेखाची व्याख्या नस्तीपुरती नाही, कलम २(झ) पाहावे. संबंधित अधिकाऱ्याकडून त्यांच्या उपकरणातील संदेशांबाबत लेखी खुलासा घेतला का?'

शब्दवेडा
'निरंक'चा तुमचा अर्थ कोशाला धरून आहे. वापरात तो 'कटकट नको'चा समानार्थी झालाय.

बाराखडी
म्हणूनच निरंक लिहिणाऱ्याची सही महत्त्वाची. शून्यसुद्धा कोणीतरी मोजलेलं असतं.

टाचणी
मूळ अर्ज कसा लिहावा?

बाराखडी
महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज, एक विषय, मजकूर १५० शब्दांपर्यंत, शुल्क १० रुपये. 'सर्व मेसेज द्या' लिहिलंत की मोघम म्हणून गेला. 'काम का थांबवलं' विचारलंत तर ते स्पष्टीकरण झालं, माहिती नव्हे. नुसतं 'व्हॉट्सॲप' लिहिलंत तर दुसऱ्या ॲपवरचं सुटलं. असं लिहा:

'दि. … ते दि. … या कालावधीत (पदनाम) यांनी (कामाचे नाव) या कामासंबंधी पाठवलेल्या व त्यांना प्राप्त झालेल्या एसएमएस, व्हॉट्सॲप व तत्सम संदेशांच्या प्रती, नस्तीवर असलेल्या तसेच कोणत्याही उपकरणात असलेल्या.'

पदनाम लिहा, व्यक्तीचं नाव नको. बदली झाली की नाव जातं, पद तिथेच राहतं.

शब्दवेडा
'तत्सम संदेश' मला खटकतं. व्याकरणात तत्सम म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. कोणी हटवादी अधिकारी फक्त संस्कृत संदेश देईल.

खुरपं
दिले तरी चालतील, तारीख-वेळ असली म्हणजे झालं.