पारा उडालेला स्वीडिश आरसा: काच बदलावी का?

उत्तरवारा:
स्टॉकहोमला आल्यापासून जुन्या आरशांचं वेड लागलंय. परवा एका लिलावाआधी मांडलेला गुस्तावियन आरसा पाहिला, म्हणजे तिसऱ्या गुस्ताव राजाच्या (1771–1792) काळातल्या घाटाचा. माथ्यावर फुलांची कोरीव माळ. पण काच कोरी करकरीत आणि चौकटीवर ताजा सोनेरी रंग! फार वाईट वाटलं. तेव्हा लाकडावर खडू-सरसाचे थर देत, वर लाल माती, मग सोन्याचा वर्ख लावून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटत. कडांचा वर्ख झिजून खालची लाली डोकावते, त्यातच आरशाचं वय दिसतं. माझं मत ठाम आहे: चौकटीला आणि काचेला हात लावू नये.

दिवेलागण:
साफ असहमत. डिसेंबरात तिथे जेमतेम सहा तास उजेड. म्हणून दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर आरसा टांगत, काहींना मेणबत्त्यांसाठी फांद्याही असत. एका ज्योतीच्या दोन व्हाव्यात हाच हेतू. स्टॉकहोमजवळच्या हागा बागेतल्या त्याच राजाच्या महालातलं आरसेदालन आठवा. काळवंडलेली काच त्या कारागिराला तरी आवडली असती का? आपण समई घासतोच ना?

उत्तरवारा:
घासतो, पण नवी ओतून घेत नाही. जुनी काच कथलाच्या पातळ पत्र्यावर पारा चढवून केलेली. तिचा उजेड मंद, किंचित निळसर. नंतरच्या चांदीच्या मुलाम्यात तो येत नाही. आणि 1674 साली स्टॉकहोमला आलेल्या शिल्पकार बुर्खार्ड प्रेख्तच्या धाटणीचे आरसे घ्या. त्यांची चौकटच आरशाच्या पट्ट्यांची, वर सोनेरी शिशाची नक्षी. तिथे काच बदलली तर उरलं काय?

कोरीवकाम:
दोघांनाही एक विचारते. अशा काचेमागून कधीकधी पाऱ्याचे थेंब खालच्या कडेला साचतात. घरात रांगतं मूल असेल तर? मी काच बदलेन, जुनी मात्र नीट बांधून जपेन. आणि उत्तरवारा, त्या चौकटीवरचा सोनेरी रंग बहुधा पितळेच्या भुकटीचा असेल. तो काढायचा की ठेवायचा? कारण काढणं म्हणजेही हात लावणं.

उत्तरवारा:
हा प्रश्न बिनतोड आहे. खाली वर्ख शिल्लक असेल तर रंग जाणत्या हातांकडून काढून घ्यावा, एवढं मान्य. थेंब दिसत असतील तर आरसा मुलांच्या खोलीतून हलवावा. काच मात्र बदलू नये.

दिवेलागण:
म्हणजे वर्खाला दिलेली सवलत काचेला नाही! हे मला पटत नाही.