शब्दचर्चा: 'सुप्लेक्स'ला मराठीत काय म्हणावं?

नंदुरबारची अनुवादक

एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढतींच्या) जुन्या सामन्यांवरच्या एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करते आहे. ग्रीको-रोमन कुस्तीतून पिंजऱ्यात उतरलेल्या मल्लांचे थ्रो त्यात सारखे येतात: सुप्लेक्स, बॉडी लॉक, आर्म थ्रो, हेडलॉक थ्रो. कच्च्या मसुद्यात सगळीकडे 'उचलून आपटलं' आहे, म्हणजे चार निराळे डाव एकाच वाक्यात बुडाले. थ्रोला 'फेक' चालेल का? आखाड्यातले कुठले शब्द इथे नेमके बसतील? खान्देशातल्या कुस्ती जाणणाऱ्यांनी सांगावं.

अमळनेरकर

'फेक' नको. थाळीफेक, भालाफेक, गोळाफेक यांत वस्तू हातातून सुटते. कुस्तीत समोरचा हातातून सुटला तर डावच फसला. शिवाय 'फेकतोय' म्हटलं की आपल्याकडे थापा मारतोय असा अर्थ आधी डोक्यात येतो. 'पछाड' घ्या.

चाळीसगावचा मातीवाला

ताई, शब्द शोधण्याआधी पकड बघा. आपल्या डावांची नावं पकडीवरून आणि पायाच्या कामावरून पडलेली आहेत. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरायचं नाही, टांग मारायची नाही, पायाने अडवायचंही नाही. एवढ्या एका नियमाने आपला अर्धा आखाडा बाद होतो. एकेरी पट गेला, दुहेरी पट गेला, आतली टांग गेली. कलाजंगही गेला, कारण त्यात गड्याला खांद्यावर घेताना हात मांडीत घालावा लागतो. म्हणून कुणी 'ग्रीको मल्लाने कलाजंग मारला' असं लिहिलं असेल तर आधी ते खोडा.

उरतात त्यांतले दोन सरळ जुळतात. आर्म थ्रो म्हणजे धोबीपछाड: हात धरायचा, पाठ द्यायची, खांद्यावरून आणायचं. हेडलॉक थ्रोला ढाक म्हणा. मान आणि हात एकत्र आवळून कमरेवरून घेतात, ते तेच. फरक एवढाच की मातीत ढाक मारताना पाय आडवा गेला तरी कुणी हरकत घेत नाही, ग्रीकोत घेतात.

बॉडी लॉकसाठी मला 'कव' आवडेल. 'कवेत घेतलं' हे घरातलं बोलणं आहे आणि क्रिया अगदी तीच: दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवणं. रँडी कूटूर, डॅन हेंडरसन, मॅट लिंडलंड ही माणसं ग्रीकोतूनच आली. हेंडरसन १९९२ आणि १९९६ च्या ऑलिंपिकला खेळला, लिंडलंडने २००० साली सिडनीत रौप्य मिळवलं. त्यांचं खरं भांडवल हवेतल्या थ्रोपेक्षा कव घेण्यात होतं. समोरच्याच्या बगलेखाली आधी कुणाचा हात शिरतो, यावर पुढचं सगळं ठरतं. कूटूरने १९९७ मध्ये व्हिटर बेलफोर्टला हरवलं ते असंच चिकटून राहून. बेलफोर्टच्या हाताचा वेग त्या वेळी भीतिदायक होता, पण ठोसा मारायला हातभर अंतर लागतं आणि कूटूरने ते फारसं मिळू दिलं नाही. ही हातांची झोंबाझोंबी दिसेल तिथे 'क्लिंच' न लिहिता 'खडाखडी' लिहा. आपल्याकडे कुस्ती सुरू होताच दोन मल्ल मनगट, मान, दंड चाचपतात, त्याला आपण हाच शब्द वापरतो. फक्त ती जाळीला दाबून चालली असेल तर 'जाळीवरची खडाखडी' म्हणा, कारण मातीत टेकायला भिंत नसते.

सुप्लेक्सला मात्र जुना शब्द जुळत नाही. तो फ्रेंच 'सुप्लेस'वरून आला, म्हणजे लवचिकपणा. नाव आपटण्याला नाही, मारणाऱ्याच्या पाठीला दिलेलं आहे. तो स्वतः मागे वाकतो, पाठीची कमान करतो आणि गड्याला छातीवरून मागे नेतो. 'उचलून आपटलं'मध्ये हे येतच नाही. दंगलीत 'उचलीसन आपट रे भो!' अशी आरोळी येते ती पुढे आपटण्याची. इथे मारणारा आधी स्वतः पडायला तयार होतो, आणि सगळी हिंमत त्यातच आहे.

अमळनेरकर

मग 'कमानपछाड'? धोबीपछाडच्या शेजारी शोभेल.

चाळीसगावचा मातीवाला

शोभेल. पहिल्यांदा 'कमानपछाड (सुप्लेक्स)' द्या, नंतर नुसतं चालेल.

धुळेकर

एक शब्द कुणी काढला नाही आणि मला त्याचीच काळजी आहे: चीतपट. मराठी बातम्यांत एमएमएचा कुठलाही विजय आला की 'चीतपट केलं' छापतात. कुस्तीत पाठ लागली की निकाल लागतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, तिथे हा शब्द सोन्यासारखा आहे. ग्रीकोतही दोन्ही खांदे टेकवले की कुस्ती संपते, आणि मोठ्या कमानीचा थ्रो चार किंवा पाच गुण देऊन जातो. एमएमएत पाठ टेकण्याने काहीच संपत नाही. २००४ मध्ये जपानमधल्या प्राइड स्पर्धेत केव्हिन रँडलमनने फेडोर एमेलियानेंकोला मागून कवेत घेऊन असा काही उलटवला की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. फेडोर मानेखांद्यावर आदळला. आणि त्याच फेरीत, थोड्याच वेळात, फेडोरने रँडलमनचा हात पिळून त्याला हार मानायला लावली. तिथे 'रँडलमनने फेडोरला चीतपट केलं' लिहिलंत तर वाचणारा उलटाच निकाल घेऊन उठेल.

नंदुरबारची अनुवादक

ही लढत माझ्या यादीत आहे! रँडलमन ग्रीकोचा होता का?

धुळेकर

नाही, तो अमेरिकन कॉलेजातल्या कुस्तीचा. तिथे पाय धरायला मोकळीक असते. डावाचं नाव बदलत नाही, पण निवेदनात त्याला ग्रीको मल्ल म्हणू नका.

शिरपूरचा प्रशिक्षक

आमच्याकडे मुलं मॅटवर शिकतात, म्हणून दोन गोष्टी जोडतो. खाली पालथ्या पडलेल्याला कमरेत धरून गुंडाळत फिरवतात त्याला गादीवर 'भारंदाज' म्हणतात. माहितीपटात गट रेंच आला तर हा शब्द तयार आहे. करेलिनचा थ्रो दाखवला असेल तर तो वेगळा धरा: रशियाचा ग्रीको मल्ल अलेक्झांडर करेलिन पालथ्या पडलेल्या अवजड गटातल्या मल्लाला कमरेत उलटी कव घालून जमिनीवरून उपटायचा आणि मागे टाकायचा. १९८८, १९९२, १९९६ अशी ऑलिंपिकची तीन सुवर्णं त्याच्या नावावर आहेत. त्याला 'उलट्या कवेची कमानपछाड' म्हणता येईल.

दुसरं, एमएमएत ढाक चुकली तर समोरचा पाठीवर चढतो आणि गळा आवळतो. म्हणून तिथे ढाकेपेक्षा कव जास्त दिसते, आणि कवेला लगेच आतली टांग जोडतात, कारण पिंजऱ्यात पायाला बंदी नाही. असं दिसलं तर दोन्ही शब्द लिहा: 'कव घेऊन आतली टांग'. ग्रीकोतला अर्धा आणि आपल्या मातीतला अर्धा डाव तिथे एक झालेला असतो, तो एका शब्दात कोंबू नका.

नंदुरबारची अनुवादक

आप्पा, भाऊ, सगळ्यांचे आभार. असं ठरवते: थ्रोला सर्वसाधारण 'पछाड', आर्म थ्रो धोबीपछाड, हेडलॉक थ्रो ढाक, बॉडी लॉक कव, सुप्लेक्स कमानपछाड, गट रेंच भारंदाज. 'चीतपट' पूर्ण काढते. फेडोरच्या प्रसंगाला 'कमानपछाड बसली, पाठ लागली, लढत सुरूच' एवढंच ठेवते. पडद्यावर दोन ओळींत मावतं.