प्रशिक्षण की पूर्णवेळ पद? वहीचा एक अनुभव

ताई, 'आधी अर्धवेळ ग्रंथपालांना पूर्णवेळ करा, मग प्रशिक्षणाचं बोला' हे तुमचं म्हणणं मनापासून पटलं. मीही शाळेत सात वर्षं अर्धवेळ ग्रंथपाल होते. तरी या दोन गोष्टी हातात हात घालूनच पुढे जातात, असं मला वाटतं.

शिक्षक रजेवर गेले की ग्रंथपालाला बदली तासावर धाडायचं, ही आमच्या शाळेतली रीत. तोंडी तक्रारीचा काही उपयोग झाला नाही. मग देवघेव नोंदवहीशेजारी मी एक साधी वही ठेवली. ग्रंथालय किती वेळ बंद राहिलं, कुठल्या वर्गाचा वाचनतास बुडाला, दारावरून किती मुलं परत गेली. त्यातली एक नोंद अजून डोळ्यांसमोर आहे: 'सहावीतली मुलगी, मुंग्यांवरचं पुस्तक हवं होतं, दाराला कुलूप.' तीन महिन्यांनी ती वही मुख्याध्यापकांपुढे ठेवली, नंतर पालक-शिक्षक सभेत वाचली. आठवड्यातले दोन दिवस बदली तासातून सुटले! 'वाचकाचा वेळ वाचवा' हे सूत्र ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलं. त्यासाठी ग्रंथालय आधी उघडं तर हवं.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर, कोहा किंवा ई-ग्रंथालय ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली शिकायला तालुक्यातले चार-पाच जण एकत्र बसलात तर लवकर जमतं. आम्ही शनिवारी दुपारी बसायचो, दाखल नोंदवह्या (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदींच्या) सोबत घेऊन. वहीचे रकाने कसे आखले ते हवं असेल तर लिहून देते.