कार्बन मोनॉक्साइडनंतर तीन आठवड्यांनी बिघाड: एमआरआय कसा वाचायचा?

मेडिसिन_निवासी
विषबाधेनंतर ऑक्सिजनवर रुग्ण पूर्ण शुद्धीवर आला. सीटी नॉर्मल होता, म्हणून घरी सोडलं. तीन आठवड्यांनी नातेवाईक परत घेऊन आले: बोलणं जवळपास बंद, पाय घासत चालणं, लघवीवर ताबा नाही. डिफ्यूजनवर (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा एमआरआय) दोन्हीकडच्या व्हाइट मॅटरमध्ये (मेंदूतला चेतातंतूंचा भाग) चकाकी आहे, एडीसी (त्या हालचालीचं मोजमाप) कमी आहे. रिपोर्टमध्ये 'अक्यूट इन्फार्क्ट' (रक्तपुरवठा तुटून नुकताच मेलेला भाग) लिहिलंय, ते पटत नाही. आणखी कुठले सिक्वेन्स (एमआरआयच्या प्रतिमांचे प्रकार) घ्यावेत? वाचताना फसगत कुठे होते?

न्यूरोरेडिओ
तुमची शंका रास्त आहे. आधी पसारा बघा. पेरिव्हेंट्रिक्युलर भागापासून (मेंदूतल्या व्हेंट्रिकल या पोकळ्यांलगतचा) सेंट्रम सेमिओव्हालेपर्यंत (त्यांच्या वरचा व्हाइट मॅटर) सलग, दोन्हीकडे सारखा आणि कॉर्टेक्सलगतचे (मेंदूचा बाहेरचा थर) यू-फायबर (आखूड तंतू) बहुधा शाबूत असतील, तर हा उशिरा उमटलेला ल्युकोएन्सेफॅलोपथीचा (व्हाइट मॅटरचा आजार) बदल आहे. वॉटरशेड इन्फार्क्ट दोन रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवर तुटक, मण्यांच्या माळेसारखे दिसतात.

दुसरा मुद्दा एडीसीचा. इन्फार्क्टमध्ये तो साधारण आठवडा-दहा दिवसांत नॉर्मलकडे वळतो, इथे कित्येक आठवडे कमीच राहू शकतो. मायलिनच्या (तंतूंवरचं आवरण) थरांमध्ये पाणी अडकल्याने असं होत असावं. म्हणून इथल्या कमी एडीसीवरून तेवढा भाग मेलाच असं धरू नका.

ग्लोबस पॅलिडस (मेंदूच्या खोल भागातलं एक केंद्र) वेगळा वाचा. तो पहिल्या आघाताची खूण: टी२ आणि फ्लेअर या सिक्वेन्सवर उजळ, टी१ वर काळसर. तो स्वच्छ दिसला म्हणून उशिराचा आजार नाकारता येत नाही. एसडब्ल्यूआयवर (रक्त, लोह, कॅल्शियम टिपणारा सिक्वेन्स) तिथे काळं दिसलं की लगेच रक्तस्राव लिहू नका. वयानुसार तिथे लोह साठतं, कधी कधी कॅल्शियमही, त्यामुळे फेज इमेज (एसडब्ल्यूआयचाच भाग) किंवा जुना सीटी पडताळा. मुख्य इजा शेजारच्या पुटामेन या केंद्रात असेल तर मिथेनॉलबद्दल (विषारी अल्कोहोल) विचारा.

सिक्वेन्स: डिफ्यूजन (बी ० आणि १०००, म्हणजे डिफ्यूजन टिपण्याच्या दोन पातळ्या) एडीसी मॅपसह, थ्रीडी फ्लेअर, टी२, टी१, एसडब्ल्यूआय. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) सहसा लागत नाही.

स्पेक्ट्रो_फिजिक्स
वेळ मिळाला तर स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआयवर मेंदूतली रसायनं मोजणं) जोडाच. सेंट्रम सेमिओव्हालेमध्ये २ × २ × २ सेंमीचा व्हॉक्सेल (मोजायचा चौकोनी तुकडा) ठेवा, व्हेंट्रिकल आणि कवटीलगतची चरबी दोन्ही टाळून. चरबी आत आली की तिचा सिग्नल १.३ पीपीएमच्या (आलेखावरची जागा) आसपास येतो आणि लॅक्टेट (ऑक्सिजनअभावी वाढणारं रसायन) असल्याचा भास होतो, विशेषतः टीई (सिग्नल टिपण्याआधीचा वेळ, मिलिसेकंदांत) ३० वर. टीई १३५ किंवा १४४ ठेवला तर लॅक्टेटचं जोडशिखर उलटं पडतं, ओळख पक्की होते. कोलिन (३.२) वाढलेलं म्हणजे मायलिनची मोडतोड चालू, एनएए (चेतापेशींमधलं रसायन, २.०) घटलेलं म्हणजे ॲक्सॉनला (चेतातंतू) मार. एनएए फारच खाली आणि सोबत लॅक्टेट, हे चित्र मला जास्त काळजीचं वाटतं.

वयस्कर रुग्णात लहान रक्तवाहिन्यांच्या जुन्या आजाराचे डाग फ्लेअरवर असेच दिसतात. मात्र त्यांचा एडीसी वाढलेला असतो. फक्त फ्लेअर पाहून निकाल देऊ नका.

न्यूरो_ओपीडी
आता कार्बॉक्सिहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तातलं हिमोग्लोबिन) तपासून उपयोग नाही. साध्या हवेत त्याचं अर्धायुष्य चार-पाच तास, शंभर टक्के ऑक्सिजनवर तास-दीड तास. तीन आठवड्यांनी ते नॉर्मलच येणार, त्यावरून विषबाधा खोडून काढता येत नाही. शुद्धीवर येणं आणि पुन्हा बिघडणं यांमधला बरा काळ साधारण २ ते ४० दिवसांचा असतो. पहिल्या दिवशीचा नॉर्मल सीटीच काय, नॉर्मल एमआरआयसुद्धा पुढची हमी देत नाही. घरी सोडतानाच नातेवाइकांना सांगा: विसराळूपणा, गप्प राहणं, चाल बदलणं दिसलं की लगेच आणा.

मेडिसिन_निवासी
धन्यवाद. पुढचा एमआरआय कधी करावा?

न्यूरोरेडिओ
मी तीन आणि सहा महिन्यांनी सुचवेन, त्याच मशीनवर आणि त्याच प्रोटोकॉलने. चालणं-बोलणं सुधारलं तरी फ्लेअरवरची चकाकी मागे रेंगाळते, तेवढ्यावरून आजार वाढल्याचं लिहू नका. बरेच रुग्ण वर्षभरात चांगले सावरतात, त्यामुळे फिजिओथेरपी एमआरआय सुधारण्याची वाट न बघता आत्ताच सुरू करा.