शहर सोडण्याआधी मित्रासोबत शेवटची चक्कर: ११ किमी, १४ थांबे, ४ तास. जमेल का?

प्रश्न (निरोपाचा_कट्टा): महिनाअखेर शहर सोडायचंय. त्याआधी जुन्या मित्रासोबत एकदा पायी हिंडायचं ठरलंय. शाळा, कॉलेज, भाड्याची पहिली खोली, तळ्याकाठ असे १४ थांबे निघाले, नकाशावर ११ किमी भरतात. दोघांना मोकळा वेळ दुपारी ४ ते रात्री ८. क्रम कसा लावू? निघायच्या आदल्या दिवशी ठेवलं तर चालेल?

पायपीट: जमणार नाही, साधा हिशोब करा. गप्पा मारत माणूस ताशी ४ किमीच चालतो, म्हणजे ११ किमीला पावणेतीन तास. थांब्याला १० मिनिटं धरली तरी १४ थांब्यांचे २ तास २० मिनिटं. झाले पाच तास, आणि अजून कुठे टेकलाही नाहीत. थांबे ७ करा. मधला ज्या रस्त्याशी काही नातं नाही असा ३ किमीचा तुकडा बसने काढा. मग बसचा वेळ धरून साडेतीन तासांत बसतं आणि अर्धा तास हाताशी उरतो. तो मोकळाच ठेवा. ठरवलेलं नसतं तिथेच पाय जास्त रेंगाळतात.

यादी दोघांनी वेगवेगळी करा. जे दोन्हीकडे आलं ते पक्कं, बाकीच्यातून प्रत्येकाने दोन निवडायचे. नाहीतर मागे राहणारा मित्र नुसता फोटो काढणारा होऊन बसतो.

आदल्या दिवशी अजिबात नको. सामानवाला, किल्ल्या, बिलं यांचे फोन चालूच राहतात. आठ-दहा दिवस आधी ठेवा. पाऊस आला तर दुसरी तारीखही मिळते.

जुनी_चौकट: फोटोंबद्दल. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केलं तेव्हा मात्र हे नुकसान दिसलं नाही. तेव्हा आख्खी इमारत टिपण्यापेक्षा जिन्याचा झिजलेला कठडा टिपा.

जुन्या फोटोच्याच जागेवरून नवा काढायचा असेल तर जुन्यात एक जवळची आणि एक लांबची खूण धरा, समजा खांब आणि मागचं छप्पर. दोन्ही तशाच एकावर एक येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका, मग मागच्या खुणेच्या मानाने जवळची खूण जुन्याइतकीच मोठी दिसेपर्यंत पुढे-मागे. चौकट भरावी म्हणून पुढे जाऊ नका, जागा बदलली की सगळं बिघडतं. कडा नंतर कापता येतात. आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून चालणं टाळा, डोळ्यांवर ऊन येतं, आणि कॅमेरा तिकडे धरला की फोटोत चेहरे काळे पडतात.

कानोसा: रेकॉर्डिंग चार तास चालू ठेवू नका, पुन्हा कुणी ऐकत नाही. प्रत्येक थांब्यावर एक मिनिट. आधी जागेचं नाव आणि तारीख बोला, मग दोघांनी गप्प राहायचं. फोन हातात धरा. खिशात कापड घासल्याचा आवाजच जास्त येतो. वारा असेल तर त्याच्याकडे पाठ करून फोन अंगाच्या आडोशाला.

बूट वापरातलेच घाला. घामाने ओल्या सुती मोज्यात पाय घासून फोड येतात, म्हणून मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत असू द्या. टाच चुरचुरायला लागताच पट्टी लावा, फोड आल्यावर उपयोग कमी.

निरोपाचा_कट्टा: थांबे ७ केले! एक उरलं: भाड्याच्या खोलीत आता दुसरं कुणी राहतं. बेल वाजवावी का? आणि ठिकाणं आधी बघून यावीत का?

पायपीट: बेल नको, अनोळखी घर आहे. मालक ओळखीचे असतील तर दोन दिवस आधी विचारा. ठिकाणं आधी बघून याल तर दोघांनी मिळून पहिल्यांदा बघायची गंमत जाते. फक्त फाटक किती वाजता बंद होतं तेवढं विचारून ठेवा. लवकर बंद होणारं आधी घ्या.

जुनी_चौकट: इथे माझं मत वेगळं. पाडलेल्या जागेसमोर अवचित उभं राहिलं की पुढचा तासभर तोच विषय. उपग्रह नकाशावर पाहून घ्या, पण त्यावरचं चित्र जुनं असू शकतं.

कानोसा: शेवटचा थांबा बसता येईल असा, आणि दोघांनाही घरी जायला वाहन मिळेल असा ठेवा. नाहीतर शेवटची वीस मिनिटं रिक्षा शोधण्यात जातील.