विषय: लेकीचं इंजिनिअरिंग आणि ‘बाकीचे’ विषय

प्रेषक: ऑस्टिनहून, एक आई

नमस्कार मंडळी,

लेक या फॉलमध्ये मेकॅनिकलला जाते आहे, टेक्सासमधल्याच सरकारी विद्यापीठात. पुढच्या आठवड्यात ओरिएंटेशन आहे आणि तिथेच पहिल्या सेमिस्टरचे विषय नोंदवायचे आहेत. कॅल्क्युलस, केमिस्ट्री ठरलेलंच आहे. घरात वाद चाललाय तो उरलेल्या विषयांवरून. तिच्या ओळखीची मुलं सांगतात, जिथे सहज ‘ए’ मिळतो ते घे. हे म्हणतात, इकॉनॉमिक्स घे, पुढे उपयोगी पडेल. तिला स्वतःला नाटकाचा कोर्स खुणावतोय. आम्ही दोघं भारतात इंजिनिअर झालो. तिथे सगळे विषय आधीच नेमून दिलेले होते, त्यामुळे यातलं कसं निवडायचं हे आम्हाला खरंच ठाऊक नाही. कुणी सांगेल का?

---

प्रेषक: डॅलसहून, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी

काकू, आधी क्रेडिटचा (म्हणजे प्रत्येक कोर्सला मिळणाऱ्या तासांच्या गुणांचा) हिशेब मांडा, निम्मा वाद तिथेच मिटेल. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत कोअर, म्हणजे कुठल्याही शाखेला सक्तीचे असलेले सामान्य विषय, ४२ क्रेडिटचा असतो. त्यातलं गणित आणि सायन्स इंजिनिअरिंगच्या विषयांतच भरून निघतं. अमेरिकन इतिहासाचे ६ आणि गव्हर्नमेंटचे ६ राज्याच्या कायद्यानेच लागतात. फार तर इतिहासातले ३ टेक्सासच्या इतिहासाने भरता येतात. कम्युनिकेशनचे ६, आणि आणखी ६ क्रेडिट कशाला द्यायचे ते प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. मोकळी निवड उरते ती तीन कोर्सांपुरती: भाषा-तत्त्वज्ञान-संस्कृती, कला आणि सामाजिक शास्त्रं. प्रत्येकी ३ क्रेडिट.

नाटक कलेच्या खान्यात बसतं आणि इकॉनॉमिक्स सामाजिक शास्त्रांच्या. म्हणजे काकांचं म्हणणं आणि तिची आवड एकमेकांच्या आड येतच नाहीत!

तिने हायस्कूलमध्ये असतानाच ड्युअल क्रेडिटने, म्हणजे कॉलेजचा कोर्स म्हणून, हिस्टरी १३०१, १३०२ केलं असेल तर त्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) ओरिएंटेशनच्या आधी पोचवा, नाहीतर अ‍ॅडव्हायझरला ते दिसणार नाही. आणि हे विषय शेवटच्या वर्षावर ढकलू नका. मी ढकलले. आता सीनियर डिझाइनच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या, जोडीला दोन वाचनाचे कोर्स आहेत आणि दोन्हींना न्याय देता येत नाही, याचं वाईट वाटतं. दर सेमिस्टरला एक असं ठेवलं तर ते झेपतं. ड्रॉपही (घेतलेला कोर्स मध्येच सोडणं) जपून करायला सांगा. सरकारी कॉलेजांत साधारणपणे अख्ख्या पदवीत सहाच मिळतात.

---

प्रेषक: ह्यूस्टनहून, एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर

ताई, वरचा हिशेब अगदी बरोबर आहे. मला फक्त ‘सहज ए’ बद्दल बोलायचं आहे. काही ठिकाणी पहिल्या वर्षानंतर शाखा जीपीएवर (ग्रेडच्या सरासरीवर) मिळते, त्यामुळे मुलांची धास्ती खरी आहे. तरीही मोकळे कोर्स तीनच असतील, तर त्यातला एक तरी लिहायला लावणारा असावा असं मला कळकळीने वाटतं.

१७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवरचे दोन टांगते पूल कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेले अखंड रॉड चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन खालचा, दुसऱ्या मजल्याचा पूलही पेलणार होते. बनवताना सोयीसाठी एका रॉडचे दोन केले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलाला लटकला आणि वरच्या पुलाखालच्या नटांवर दुप्पट भार आला. स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा विषय) शिकलेली दुसऱ्या वर्षाची मुलगी हे पाच मिनिटांत ओळखेल. बदललेलं ड्रॉइंग इंजिनिअरच्या ऑफिसातून शिक्का घेऊन पुढे गेलं, पण त्या सांध्याचा हिशेब नव्याने कुणीच केला नाही. काय बदललं, का बदललं आणि कोण तपासणार, हे एका पानावर स्वच्छ मांडलं गेलं असतं तर कुणीतरी थांबलं असतं, असं मला आजही वाटतं.

माझ्या हाताखाली नव्याने आलेल्यांची आकडेमोड मी क्वचितच परत पाठवली. रिपोर्ट मात्र दर आठवड्याला परत जायचे, कारण वाचणाऱ्याला नेमकं काय करायचंय तेच त्यातून कळत नसे.

म्हणून तत्त्वज्ञानाच्या खान्यात एथिक्स घ्यावं, असं माझं मत. कोर्सच्या नावावर जाऊ नका, सिलॅबस उघडून बघा. निबंध किती, पहिला मसुदा तपासून परत देतात का, की सगळे मार्क बहुपर्यायी प्रश्नांवर? शंभर-दोनशे जणांच्या वर्गात मसुदे तपासून मिळणं कठीण. नाटकही जरूर घेऊ दे. चारचौघांत उभं राहून बोलायचा सराव आम्हाला कुणी दिला नाही.

इकॉनॉमिक्सबद्दल एक सांगून ठेवतो. पुढे इंजिनिअरच्या परवान्यासाठी लागणारी एफई परीक्षा दिली तर तिच्यात एथिक्स आणि इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स दोन्ही असतात. मात्र ते इकॉनॉमिक्स म्हणजे व्याज, घसारा, आजच्या पैशाची उद्याची किंमत. कोअरमधलं मॅक्रो (अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेचं) त्यासाठी पुरणार नाही. आवड असेल तर घ्यावं, परीक्षेसाठी म्हणून नको.

---

प्रेषक: ऑस्टिनहून, एक आई

दोघांचे मनापासून आभार. ड्युअल क्रेडिटची ट्रान्सक्रिप्ट आजच पाठवली. यादीत एथिक्सचे दोन वर्ग होते. एकात तीन निबंध, दुसऱ्यात फक्त परीक्षा. तिने निबंधांचा घेतलाय, नाटक स्प्रिंगला. इकॉनॉमिक्सचं यांनी तिच्यावरच सोडलं.

काका, तुमचं पत्र वाचल्यापासून ती कागदावर ते रॉड काढत बसली आहे. वरच्या नटावर दुप्पट भार येतो हे तिला पटलंय, पण मग खालच्या नटावरचा भार का बदलत नाही, यावर अडली आहे. शनिवारी सकाळी तिने तुम्हाला फोन केला तर चालेल का?