गॅस वाढवण्याआधी पिस्टन पाहावा
गॅसवर चालणाऱ्या अर्धस्वयंचलित शॉटगनमध्ये बार उडाल्यावर थोडा गॅस एका छिद्रातून पिस्टनवर येतो आणि पिस्टन बोल्टला (काडतुसामागचा सरकता भाग) मागे ढकलतो. हे गॅसचे छिद्र लहान केले की खांद्यावरचा धक्का निम्म्याने कमी होतो, हे या चर्चेत आलेले विधान मला पटत नाही. मूळ धक्का छर्ऱ्यांचे वजन, त्यांचा वेग आणि बंदुकीचे वजन यांवर ठरतो, तर छिद्राच्या सेटिंगने बदलतो तो मुख्यतः बोल्ट मागे जाण्याचा वेग. तो जास्त असला की बोल्ट मागे आपटून दुसरा हिसका जाणवतो, एवढेच.

आमच्या गोव्यातील दमट हवेचा विचार मात्र या चर्चेत कोणी केलेला दिसत नाही. पावसाळ्यात पिस्टनवर जादा तेल राहिले तर त्यात काजळी मिसळून चिकट थर बसतो आणि २४ ग्रॅम छर्ऱ्यांच्या हलक्या काडतुसाचे रिकामे टरफल बाहेर फेकले न जाता बोल्टसमोरच्या खिडकीतच अडकते. अशा वेळी गॅस वाढवून काम भागवले, तर पुढे पिस्टन स्वच्छ केल्यावर सेटिंग तशीच राहिली की ३६ ग्रॅमच्या जड काडतुसाने यंत्रणा विनाकारण मार खाते.